शुक्रवारची गोळी

दोन किलो मेण पाहिजे, असं म्हणत तो सकाळी साडेआठला आमच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि मला त्याचा रागच आला. साडेआठ ही माझी माणसांशी बोलायची वेळच नव्हे. दहा-साडेदहापर्यंत माझी बोटं उघडायची नाहीत, आणि बोटं उघडल्याशिवाय तोंडातून गोड शब्द निघायचा नाही. पण हे गिऱ्हाइकाला कसं सांगणार?

बंगळूरच्या चामराजपेटेत आमचं दुकान. हिरडा, बेहडा, सुंठ, गुग्गुळ, कापूर, शिवाय पूजेचं सगळं सामान. इथे अशा दुकानाला ग्रंथिगे अंगडी म्हणतात. पाटीवर 'गुंडूराव अँड सन्स' असं लिहिलेलं. ती पाटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाच्या आधीच हौसेनं रंगवून घेतली होती. सन्स काही झाले नाहीत. मी झाले. आई मी बारावीत असताना गेली, तेव्हापासून घरात आणि दुकानात आम्ही दोघंच.

"मेण आहे," मी म्हणाले. "पिशवी आणलीय का?"

"नाही की ओ. बांधून द्या. तुमची पुडी लई घट्ट असते म्हणे."

झालं! नेमकं दुखऱ्या जागी बोट. आमची पुडी खरंच अख्ख्या पेटेत प्रसिद्ध होती. जुन्या पेपरचा कागद, चार घड्या, वर दोऱ्याचे सात वेढे. सायकलवरून पडली तरी सुटायची नाही. मी ती दहाव्या वर्षी शिकले. एकविसाव्या वर्षी माझी बोटं सुजायला लागली, आणि आता चोविसाव्या वर्षी, शहाण्णव सालच्या त्या जानेवारीत, मला साधी सुंठीची पुडीसुद्धा बांधता येत नव्हती.

मी वळले, कोपरानं खण ओढला, दोन्ही मनगटांत धरून मेणाच्या वड्या तराजूत सरकवल्या आणि कापडी पिशवीत लोटल्या.

"ही अण्णांची भाजीची पिशवी आहे. उद्या परत आणा."

तो पिशवी घेईना. माझ्या हातांकडे बघत राहिला. मी हात ओढणीखाली घेतले.

"सकाळी उठल्यावर बोटं सुटायला किती वेळ लागतो?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला मेण पाहिजे होतं ना? मिळालं. सरी, निघा."

"दोन तास?"

"अडीच," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. तीन वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्यानं अरेरे केलं नाही. डोळ्यांत दया आणली नाही. नुसतं, बसची वेळ कळल्यावर मान हलवावी तशी मान हलवली. "हे मेण वितळवून मी त्यात पेशंटांचे हात बुडवतो," तो म्हणाला.

"बापरे! डॉक्टर आहात की कोण?"

"फिजिओथेरपिस्ट. मार्केटच्या पलीकडे मोठ्या इस्पितळात. आमचं मेण संपलंय आणि नवीन यायला मार्च उजाडणार. हातं काय मार्चपर्यंत थांबत नाहीत बघा." त्यानं पुन्हा माझ्या ओढणीकडे बघितलं. "तुमचीही थांबणार नाहीत."

"नाव काय तुमचं?" मी जरा घुश्शातच विचारलं. "पिशवीसाठी विचारतेय. उगाच गैरसमज नको."

"कल्लाप्पा चौगुले. निपाणीजवळचा."

मला हसू फुटलं. त्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला ते नाव अजिबात शोभत नव्हतं.

"आणि तुमचं?"

"...चंपा."

आता तो हसला. डाव्या गालावर एक खळी पडली, ती मी बघितली नाही असं दाखवलं.

"फिट्टंफाट झाली," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी पिशवी आली. धुतलेली, घडी घातलेली. तिसऱ्या दिवशी तो पाव किलो मेण न्यायला आला. पाचव्या दिवशी वेखंड.

"वेखंड कशाला? घरात बाळ आहे?"

"घरात कोणीच नाही ओ. एकटाच राहतोय."

"मग वेखंड कशाला?"

"ते..." तो खणांच्या रांगेकडे बघत म्हणाला, "तुमच्याकडचा तो खण सगळ्यांत वरचा आहे. काढायला वेळ लागतो."

वा रे वा! मी पाठ फिरवली ती गाल लाल झालेत म्हणून. आणि मग शिडीवर चढताना मला कळलं की हा माणूस मला खण काढायला मदत करत नाहीये. तो खाली शिडी धरून उभा होता, बस्स. बाकी सगळं मी करायचं.

आता माझ्या जिवाला काय लागून राहिलं होतं ते सांगते. आमच्या घराण्यात आयुधपूजेच्या दिवशी एक रीत आहे. तराजूची, मापांची पूजा झाली की ज्याच्या हाती दुकान असेल त्यानं नव्या वर्षाची पहिली पुडी बांधायची. आत सुंठ, हळकुंड आणि खडीसाखर. मग ती दुकानावरच्या माडीच्या खिडकीतून खाली रस्त्याच्या दगडांवर टाकायची. पुडी सुटली नाही की वर्ष चांगलं. पणजोबांपासून ती कधी सुटलेली नाही म्हणतात. गेल्या वर्षी अण्णांनीच बांधली, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात कापत होता. पूजेनंतर ते मला म्हणाले, "चंपा, पुढच्या वर्षी तू बांधलीस तर दुकान तुझं. नाही जमलं तर धारवाडच्या पद्मनाभला बोलावतो. तुझ्यावर ओझं नको, पुट्टी."

पद्मनाभ माझा चुलतभाऊ. तो आला की पुडी गेली आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, हे नक्की. पण मला राग पिशव्यांचा नव्हता. हे दुकान मला पाहिजे होतं. त्या खणांचा वास, दुपारची ती शांतता, 'अक्का, स्वल्प ज्येष्ठमध द्या' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या... हे सोडून मी नुसती घरात हात शेकत बसणार? मुळीच नाही.

कल्लाप्पा एकदा इस्पितळात या म्हणत होता. जायला माझी हरकत नव्हती. अडचण अण्णांची होती. त्यांच्या चूर्णासाठी पार मंड्याहून माणसं यायची. तीन वर्षं ते रोज सकाळी मला मधातून चूर्ण द्यायचे, एरंडेल द्यायचे, तेल चोळायचे. मला केस विंचरता येईनात तेव्हापासून माझी वेणीही तेच घालायचे. इतकी वाकडी वेणी अख्ख्या बंगळुरात कुणाची नसेल! अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमच्या औषधानं मला गुण नाही?

म्हणून मी दर गुरुवारी 'राघवेंद्रस्वामींच्या मठात जाते' असं सांगून इस्पितळात जायला लागले. येताना मठातला प्रसाद घ्यायची, म्हणजे खोटं अगदीच खोटं नको.

तिथल्या डॉक्टर हेमावती ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी माझं रक्त तपासलं, सांधे दाबले. "हा नुसता वात नाही," त्या म्हणाल्या. "तुझं शरीर तुझ्याच सांध्यांवर उलटलंय. पूर्ण जाणार नाही. ताब्यात ठेवता येईल."

"कधीपर्यंत?"

"तू मनावर घेशील तसं. मी गोळी देईन. पण गोळी चोवीस तास तुझ्याबरोबर नसते. झोप, जेवण, शेक, व्यायाम, मनातली कटकट, ह्या सगळ्याकडे बघावं लागेल. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. एकदाच! जास्त गेली तर जिवावर बेतेल. दर महिन्याला रक्त तपासायचं. दुसरं कुठलं औषध घेतेस?"

"नाही," मी म्हणाले.

अण्णांचं चूर्ण मी औषधात धरलंच नव्हतं. ते घरचं होतं, वरणभातासारखं. मी गोळीसाठी शुक्रवार ठरवला. दुपारी अण्णा आडवे झाले की घ्यायची.

शेजारच्या खोलीत कल्लाप्पाचं राज्य होतं. एका पातेल्यात मेण वितळलेलं. माझे हात त्यात बुडवायचे, काढायचे, पुन्हा बुडवायचे, मग टॉवेलात गुंडाळून ठेवायचे. पहिल्या दिवशी त्या उबेनं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन वर्षांत माझ्या बोटांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाही... उलट."

"मग रडा की ओ. इथे त्याला बंदी नाही."

"रडत नाहीये मी. वाफ आहे."

"व्हय व्हय. वाफच," तो म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

मेण गार झालं की ते सालीसारखं सोलून निघायचं. मग त्याचा गोळा करून मुठीत दाबायचा, जमेल तेवढा. नंतर बोटं एकेक करून मोकळी करायची, हळूहळू श्वास सोडत. "श्वास धरू नका," तो पुन्हा पुन्हा सांगायचा. "तुम्ही श्वास धरला की बोटं पण धरून बसतात."

मी हट्टी. घरी कणीक मळायला लागले, रोज, दुखलं तरी. पंधरा दिवस अण्णांनी बिनतक्रार दगडासारख्या पोळ्या खाल्ल्या. सकाळी सहाला उठून गरम पाण्यात हात घालून बसायची आणि ओठांत मोजायची. कंटाळा यायचा, राग यायचा, कधीकधी टाहो फोडून रडावंसं वाटायचं. पण आयुधपूजा ऑक्टोबरात होती आणि मला बांधायची होती.

इस्पितळातून परतताना कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, आम्ही उभ्याउभ्या कॉफी प्यायचो. बंगळुरात एक कॉफी दोघांत घेता येते, बाय-टू म्हणायचं फक्त. पहिल्यांदा त्यानं बाय-टू मागवली तेव्हा मी भुवया उडवल्या.

"एक कॉफी परवडत नाही का तुम्हाला?"

"परवडते की. पण अर्धी कॉफी लवकर संपते, मग दुसरी बाय-टू मागवायची. दोन वेळा थांबायला मिळतं."

"आणि काम नाही तुम्हाला?"

"हे काम नव्हं का? गरम पेला दोन्ही हातांत धरलाय तुम्ही. शेक चालू आहे."

मी दोन्ही हातांनी पेला धरून खाली बघत होते आणि चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते. तो बेळगावकडचं मराठी बोलायचा, 'काय करालाय' म्हणायचा, मला त्याची गंमत वाटायची. माझ्या बोलण्यातल्या कानडी 'स्वल्प'ची आणि 'सरी'ची तो नक्कल करायचा. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच विचारायचा, "अण्णांना सांगितलंत?"

"सांगेन."

"कधी?"

"नंतर."

एप्रिलमध्ये अडीच तासांचे दीड तास झाले. जूनमध्ये एका सकाळी मी स्वतः वेणी घातली. अण्णा कंगवा घेऊन आले आणि तसेच उभे राहिले. "अगं... चूर्ण लागू पडलं!" म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला की मला पुढे बोलवेना. डॉक्टरांनी त्याच महिन्यात शुक्रवारच्या गोळ्या तीनच्या सहा केल्या आणि नवी चिठ्ठी दिली. ती मी वावडिंगाच्या खणात ठेवली. तो खण वर्षातून एकदासुद्धा उघडत नाही.

त्याच महिन्यातली एक दुपार. मी जरा लवकर पोचले, कल्लाप्पा जागेवर नव्हता. त्याच्या टेबलामागच्या खिडकीत मेणाचे गोळे ओळीनं मांडून ठेवलेले. प्रत्येकाखाली कागदाचा चिटोरा, त्यावर तारीख. पहिल्यावर बोटांचे नुसते पुसट ठसे. शेवटच्यावर चारी बोटं नीट रुतलेली. ती माझीच बोटं होती, माझी वाकडी करंगळी मी कुठेही ओळखेन.

तो दारात आला आणि जागच्या जागी थबकला.

"हे काय?" मी विचारलं.

"रेकॉर्ड आहे ते. पेशंटची प्रगती..."

"अस्सं? आणि बाकीच्या पेशंटांचे गोळे कुठे आहेत?"

त्यानं केसांतून हात फिरवला. पंख्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. "त्यांचे... परत वितळवतो."

हात त्याच्यापुढे केले, मेणासाठी. त्या दिवशी त्यानं माझी बोटं जरा जास्तच हळू धरली, आणि मीही श्वास सोडायला विसरले.

हे असं सगळं छान चाललेलं, आणि ऑगस्टमध्ये माझं तोंड आलं.

साधंसुधं नाही. जीभ, गाल, ओठ, सगळीकडे फोड. सांबार जाऊ दे, दहीभातसुद्धा झोंबायचा. त्यात ताप आणि असा थकवा की दुकानाची पायरी चढवेना. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर हेमावतींचा चष्मा नाकावरून उतरला.

"गोळ्या रोज घेतेस?"

"नाही हो! शुक्रवारीच. सहा."

"पेशी एवढ्या खाली आल्यात... हे दुपटीनं घेतल्यासारखं आहे. आजच भरती हो. गोळी बंद."

"बंद? आणि माझे हात?"

"आधी जीव, मग हात," त्या म्हणाल्या.

मी खाटेवर पडल्या पडल्या कल्लाप्पावर डाफरले. माझ्या नशिबाचा राग कुणावर तरी काढायचा होता. "तुमच्या गोळीनं केलं हे! चांगली चूर्ण खात होते मी."

"चूर्ण?" तो ताडकन म्हणाला. "कसलं चूर्ण?"

"अण्णांचं. रोज सकाळी देतात."

"आणि तुम्ही डॉक्टरांना सांगितलं की दुसरं काही घेत नाही? चंपा, सहा महिने झाले मी तुम्हाला सांगालोय, घरी बोला, घरी बोला!" त्याचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मग त्यानं खाटेच्या कडेवर हात टेकले. "मी जातो दुकानात. आता त्यांना कळलंच पाहिजे. जाऊ का, ते सांगा."

मी डोळे मिटून मान हलवली. पुढचं सगळं मला त्यानं आणि अण्णांनी इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतेच असं मला वाटतं.

अण्णा गल्ल्यावर होते. कल्लाप्पानं नमस्कार केला, मी कुठे आहे ते सांगितलं, आणि म्हणाला, "काका, तिच्या चूर्णात काय काय आहे ते सगळं सांगा." अण्णा हादरले होते, पण औषध विचारलं की त्यांचा हात आपोआप खणांकडे जातो. सुंठ, रास्ना, गुळवेल... एकेका खणाला हात लावत त्यांनी अकरा नावं सांगितली. बाराव्यासाठी बोट उचललं आणि हात तसाच मागे घेतला.

"बारावं?" कल्लाप्पानं विचारलं.

अण्णा वावडिंगाच्या खणापाशी गेले. खण ओढला. माझी चिठ्ठी बाहेर आली आणि तिच्यामागून गोळ्यांची पाकिटं.

"जूनमध्ये सापडली मला ही," ते म्हणाले. "वाटलं, पोरीनं डॉक्टरला दाखवलं, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून चिठ्ठी लपवून बसलीय. गोळ्या घेतच नाहीये. मग मीच आणल्या. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे दर शुक्रवारी सहा गोळ्या खलात कुटून... चूर्णात घालत होतो. तिला कळू नये म्हणून मध जास्त घालायचो." आणि माझे अण्णा, ज्यांना आई गेली तेव्हाही मी रडताना बघितलं नव्हतं, गल्ल्यावर डोकं टेकवून ढसाढसा रडले.

तीन वर्षं आपल्या औषधाचा अभिमान बाळगलेला माणूस. माझ्यासाठी त्यानं तो गुपचूप खलात घालून कुटला होता. आणि मी त्यांचं मन जपायला दुपारी चोरून गोळ्या घेत होते. दोघांच्या मायेनं मिळून मला मारायलाच घेतलं होतं की!

अण्णा इस्पितळात आले. माझ्या उशाशी बसले, कंगवा काढला आणि माझे केस विंचरायला लागले. डॉक्टर हेमावती आल्या तसे ते उठून उभे राहिले.

"माझं चूर्ण बंद करतो, डॉक्टर. सगळंच."

"मी कुठे बंद करा म्हटलं?" डॉक्टर म्हणाल्या. "यादी द्या. जे चालेल ते ठेवू, यकृताला जड जाईल ते काढू. तुम्ही हिला तीन वर्षं तेल चोळलंत म्हणून एका करंगळीपलीकडे बोटं वाकडी झाली नाहीत. माझं भांडण तुमच्या चूर्णाशी नाही, लपवण्याशी आहे. एक वही करा. तोंडात जे जाईल ते तिच्यात लिहायचं. तुम्ही, हिनं आणि कल्लाप्पानं, तिघांनीही."

ती वही झाली. अण्णा तिच्यात मोडी वळणाच्या अक्षरात 'तेल, सकाळी' लिहायचे, मी 'झोप सहा तास, चिडचिड भरपूर' लिहायची, कल्लाप्पा 'मूठ पाऊण' लिहायचा. पण गोळी बंद होती, आणि सप्टेंबरात बोटं पुन्हा सुजली. डॉक्टरांनी महिन्याच्या शेवटी अगदी थोडी सुरू केली. आयुधपूजेला तीन आठवडे राहिले होते.

"पद्मनाभला पत्र टाकू का?" अण्णांनी एके दिवशी हळूच विचारलं.

"टाकून बघा," मी म्हणाले. "ते फाडायला माझी बोटं पुरेशी आहेत."

कल्लाप्पा आता रोज संध्याकाळी दुकानात यायचा. आम्ही पुडीचा नवा अभ्यास सुरू केला. सात वेढे चिमटीनं ओढायचे म्हणजे माझ्या सांध्यांचा जीव जायचा. मग दोरा मनगटाला गुंडाळून, सगळ्या हातानं ओढून बघितला. गाठ टेबलाच्या कडेवर दाबून बघितली. शंभर पुड्या बांधल्या असतील. नव्वद सुटल्या. त्यानं एकदाही दोऱ्याला हात लावला नाही, आणि मला ते कळत होतं.

आयुधपूजेच्या सकाळी पेटेत केळीचे खांब लागले होते, रिक्षांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. तराजूला हळदकुंकू झालं. शेजारपाजारची माणसं रस्त्यात उभी राहिली. मी पाटावर बसले. कागद, चार घड्या, सात वेढे. माडीवर गेले, खिडकीतून पुडी टाकली.

ती दगडावर पडली आणि फुटली. खडीसाखर रस्ताभर उडाली.

अण्णांनी डोळे मिटले. आणि मला असा काही संताप आला! मी खिडकीतूनच ओरडले, "कागद आणा. दुसरी बांधते."

"पुट्टी, दुसरी बांधायची रीत नाही," अण्णा खालून म्हणाले.

"कशी असेल? कुणाची पहिली सुटलीच नव्हती! माझी सुटली. आता रीत होईल."

मी खाली आले. पुन्हा बसले. समोर कल्लाप्पा उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. त्यानं ते एकमेकांत इतके घट्ट धरले होते की खांदे ताठ झाले होते. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर पुडी क्षणात बांधून झाली असती. त्यानं टाकलं नाही. नुसता ओठ हलवून म्हणाला, "श्वास."

मी श्वास सोडला. दोरा मनगटाला घेतला. एक, दोन, तीन... सातवा वेढा पाटाच्या कडेवर दाबून ओढला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण गाठ बसली. माडीवर गेले. टाकली.

पुडी दगडावर आपटली, एकदा उडाली, आणि रिक्षाच्या चाकाशी जाऊन थांबली. जशीच्या तशी.

अण्णांनी ती उचलली, उलटसुलट करून बघितली, डोळ्यांना लावली आणि गल्ल्याची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "पाटी रंगवायला टाकतो," एवढंच म्हणाले आणि घाईघाईनं आत गेले, नाक पुसत.

गर्दी पांगली. कल्लाप्पा पायरीवरच होता. मी ती पुडी त्याच्यापुढे धरली.

"हे बघ," मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं मला कळलंच नाही. "मी सरळ सांगते, मला आढेवेढे येत नाहीत. तू मला आवडतोस. फार आवडतोस. पण हा आजार जाणार नाही. कधी बरा असेल, कधी सकाळी माझ्याच्यानं कपही उचलवणार नाही. पुढे मूल पाहिजे म्हटलं तरी आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी लागेल. माझ्याशी लग्न करशील ते त्याच्यासकट. नीट विचार कर."

तो पुडीकडे बघत राहिला. खळी पडली. ह्या वेळी मी ती अगदी नीट बघितली.

"माझी ओळख आधी त्याच्याशीच झाली की ओ," तो म्हणाला. "मग तुझ्याशी. मेण न्यायला पेशंटांसाठी आलो होतो, चंपा... वेखंड न्यायला तुझ्यासाठी आलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ह्या वेळी वाफही नव्हती.

"मग सोड ही पुडी," मी म्हणाले. "आतली खडीसाखर दे मला. मग माझा होकार. आणि दात लावायचा नाही, आमच्या पुडीला दात लावत नाहीत."

तो पायरीवर बसला. गाठीत नख घालून बघितलं, पुडी फिरवली, दुसऱ्या टोकानं बघितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याच्या कपाळावर घाम आला. अण्णा आतून डोकावले आणि काही तरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

मी त्याच्या समोर उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, आणि अजिबात मदत केली नाही.